पिढीभेद आणि ऑनलाइन कामकाज (मुंबई)

एकाच कचेरीतली वेगवेगळ्या वयाची माणसे ईमेल, व्हॉट्सॲप व व्हिडिओ बैठका निरनिराळ्या रीतींनी वापरतात; त्यातून कामात व परस्पर वागण्यात पडणारा फरक. पिढी म्हणजे नुसता वयोगट नव्हे, तर उमेदीच्या वयात सारख्याच घडामोडींतून गेलेला समूह, अशी मांडणी समाजशास्त्रज्ञ कार्ल मॅनहाइम यांनी १९२८ मध्ये केली.

मुंबईपुरत्या या घडामोडी तारखांनिशी सांगता येतात. विदेश संचार निगम या सरकारी दूरसंचार कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा मुंबई पहिल्या शहरांत होती. त्या सुमारास नोकरीला लागलेल्या कित्येकांची बोटे टाइपरायटरवर घडली होती. लिपिकाच्या सरकारी भरतीत मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची अट पुढेही राहिली. या पिढीच्या लेखी मजकूर म्हणजे पत्र. व्हॉट्सॲपवरही ‘महोदय’पासून सुरुवात, शेवटी स्वतःचे नाव, मग ते वर दिसत असले तरी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला. त्यानंतर कामाला लागलेली मुले बोलल्यासारखे लिहितात: एक वाक्य चार तुकड्यांत, मराठी बहुधा रोमन लिपीत, आणि ‘हो’च्या जागी अंगठा. साहेबांनी अंगठा पाठवला की मंजुरी, शिकाऊ मुलाने पाठवला की उद्धटपणा!

व्हॉइस नोटचे गणित वेगळे. देवनागरी टंकायचा कंटाळा असलेल्या ज्येष्ठांना ती सोयीची, पण भरलेल्या विरार लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून उभ्या असलेल्याला ती ऐकायची कशी? त्याला दोन ओळी लिहून आलेल्या बऱ्या.

सर्वाधिक रुसवेफुगवे व्हॉट्सॲपवर संदेश वाचल्याचे दाखवणाऱ्या निळ्या खुणांवरून होतात. त्या नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या. पुढे जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवर धाडलेली नोटीस पोहोचली व उघडली गेली, हे या खुणांवरून ग्राह्य धरले. कचेरीत मात्र त्यांचा अर्थ माणसागणिक बदलतो. ज्येष्ठ म्हणतात, वाचले म्हणजे कळले, उत्तर कशाला? तरुणांना तेच दुर्लक्ष वाटते, आणि त्यांच्यातले बरेच जण स्वतःच्या खुणा बंद करून ठेवतात.

मार्च २०२० मध्ये लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली आणि घरून काम सुरू झाले. बैठकीत म्यूट कसे करायचे, हे अनेक अधिकाऱ्यांना घरातल्या मुलांनीच शिकवले. निर्बंध उठल्यावर खरा वाद समोर आला, तो हजेरीचा. जुन्यांना माणूस खुर्चीत दिसला पाहिजे. डोंबिवली-कल्याणहून रोज धक्के खात येणाऱ्या नव्यांना काम वेळेत झाल्याशी मतलब.

या सगळ्याचे खापर वयावर फोडणे मात्र पुरेसे नाही. रात्री अकराला संदेश टाकायची मुभा हुद्द्याने मिळते, आणि पंचविशीतला टीम लीडरही ती बिनदिक्कत घेतो. सोसायटीच्या ग्रुपवर, जिथे कुणी कुणाचा साहेब नसतो, तिथे साठीतले काका उखाणे, स्टिकर आणि अंगठे सढळ हाताने पाठवतात.