परसबागेसाठी रोगप्रतिकारक फळजातींची निवड (ठाणे-नवी मुंबई)

अंगणात, सोसायटीच्या मोकळ्या जागेत किंवा गच्चीवरच्या ड्रममध्ये फळझाड लावताना चवीइतकाच विचार त्या जातीच्या रोगांपुढे टिकण्याच्या ताकदीचा करणे, असा या विषयाचा आवाका आहे. ठाणे परिसरात वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पाने आठवडेच्या आठवडे ओली राहतात आणि बुरशी-जिवाणूंना हेच हवे असते. बागायतदार फवारणी करून निभावून नेतो. खिडकीला टेकलेल्या, खाली मुले खेळतात अशा झाडावर सारखे औषध मारता येत नाही, मारूही नये. म्हणून घरच्या झाडाचे खरे संरक्षण रोपवाटिकेतच ठरते.

थंड देशांत नाशपाती लावणारा आधी विचारतो, की फांद्या जळाल्यासारख्या काळ्या पाडणाऱ्या जिवाणूजन्य रोगाला ही जात तोंड देते का? आपल्याकडे नाशपातीला लागणारी थंडीच पडत नाही, पण तोच प्रश्न लिंबाला विचारावा लागतो. कागदी लिंबावर खैऱ्या हा जिवाणूजन्य रोग हमखास येतो : पाने, काटक्या आणि फळांवर खरबरीत तपकिरी खवले, पानांवर त्यांच्याभोवती पिवळे वलय. पावसाच्या थेंबांबरोबर आणि वाऱ्याने तो पसरतो. नागअळीने पोखरलेल्या कोवळ्या पानांतून सहज आत शिरतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ ही जात खैऱ्या आणि लिंबाची झाडे खंगवणारा ट्रिस्टेझा विषाणू या दोहोंना सहनशील आहे. सहनशील म्हणजे प्रतिकारक नव्हे. सहनशील झाडावर रोग येतो, पण झाड फळ देत राहते. प्रतिकारक झाडावर तो मुळात नीट वाढतच नाही. रोपे विकताना हे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, त्यामुळे विचारून घेतलेले बरे. कागदी लिंबाच्या एका बीमधून बहुधा एकापेक्षा जास्त रोपे उगवतात आणि त्यांतली बहुतेक आईसारखीच निघतात, म्हणून लिंबाचे बियांपासूनचे रोपही चालते. हापूसचे तसे नाही. तिथे कलमच हवे.

जातीची ताकद रोगागणिक बदलते, हे केळीत सर्वांत स्पष्ट दिसते. गोड, छोट्या सफेद वेलचीला जमिनीतल्या बुरशीमुळे होणारा मर रोग, म्हणजे पनामा, सहज गाठतो. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या कॅव्हेंडिश गटातल्या केळी त्या बुरशीच्या जुन्या प्रकाराला दाद देत नाहीत. मात्र टीआर-४ या नव्या प्रकारापुढे त्याही पडतात आणि पावसाळ्यात सिगाटोका करप्याने त्यांची पाने वाळतात. ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले, रोप चांगल्या ठिकाणाहून घेतले तर निरोगी असते, पण निरोगी रोप आणि रोगप्रतिकारक जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मर झालेल्या आळ्यात पुन्हा वेलची लावू नये. ती बुरशी मातीत अनेक वर्षे तग धरते.

आंब्यात हापूसचा मोह सोडवत नाही आणि तो समजण्यासारखा आहे. पण हापूसला भुरी, म्हणजे मोहोरावरची पांढरी बुरशी, लवकर लागते, मोहोरावर अवकाळी पाऊस झाला की करपाही येतो, आणि फळात साका पडतो. साका हा रोग नाही, गराची विकृती आहे. तिच्यावर औषध चालत नाही, जातच बदलावी लागते. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये दिलेल्या ‘रत्ना’ जातीत साका नसतो आणि ती नियमित फळते. एकाच आंब्याची जागा असेल तर रत्ना लावावा. केसरही साक्यापासून मुक्त आहे.

पपईबाबत जातीवर विसंबता येत नाही. वलयांकित ठिपक्यांच्या विषाणूला प्रतिकारक असलेली, जनुकीय बदल केलेली ‘रेनबो’ पपई हवाईत १९९८ मध्ये लागवडीस आली. भारतात तिच्या लागवडीला परवानगी नाही. हा विषाणू मावा ही कीड पसरवते आणि ती काकडी-भोपळ्यावरही जमते, म्हणून काकडी-भोपळ्याचे वेल पपईजवळ चढवू नयेत आणि रोगट झाड लगेच उपटावे. त्यातच नवी मुंबईत अनेक ठिकाणी जमीन खाडीकाठच्या भरावाची आहे. तिथे पाणी साचले तर पपई बुंध्याशी कुजते, मग जात कोणतीही असो. रोप उंच वरंब्यावरच लावावे.