पाठ्यपुस्तकातील चित्रांचा पोशाख

शालेय पाठ्यपुस्तकांतील चित्रांमध्ये माणसांच्या अंगावर दिसणारा, वाचणाऱ्या मुलांच्या काळापेक्षा बराच मागे राहिलेला पोशाख. महाराष्ट्रात हा विषय निघाला की आधी आठवतात ती ‘बालभारती’ची, म्हणजे २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या राज्य पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तके.

या चित्रांतले घर पिढ्यान् पिढ्यांच्या ओळखीचे आहे. आजोबा धोतर, कोट आणि काळ्या टोपीत, आजी नऊवारीत, आई पाचवारीत, अंबाड्यात गजरा. बाबांचा शर्ट खोचलेला. मुलगी परकर-पोलक्यात, दोन वेण्यांना रिबिनी. मुलाची अर्धी चड्डी. शेतकऱ्याच्या डोक्याला मुंडासे हवेच.

याचे मुख्य कारण चित्राच्या कामात आहे. पहिली-दुसरीच्या मुलाला अजून नीट वाचता येत नसते. त्याला चित्रातली व्यक्ती कोण हे कपड्यांवरून कळावे लागते. खरा शेतकरी पँट-शर्टात, प्रसंगी टी-शर्टात रानात जातो, पण तसा काढला तर ‘ओळखा पाहू’मध्ये तो शेतकरी म्हणून ओळखू येत नाही. म्हणून इथला पोशाख ही खूण असते. जुन्या एक-दोन रंगी छपाईत तर ही खूण मोजक्या रेघांत उमटवायची असे: धोतराच्या काठाला दोन रेषा, लुंगीला चौकडा, साडीवर ठिपके.

दुसरे कारण पुस्तकाचे आयुष्य. २०१२ च्या प्राथमिक अभ्यासक्रमानुसार पहिलीचे पुस्तक २०१३ मध्ये आले. दहावीचे पुस्तक बदलायला २०१८ उजाडले. ‘प्रथमावृत्ती’खाली ‘पुनर्मुद्रण’ची साले वाढत जातात, चित्रे तीच राहतात. पूर्वी थोरल्याचे पुस्तक धाकट्याकडे यायचे, नाहीतर अर्ध्या किमतीत शेजारी जायचे, त्यामुळे चित्रांचे वय आणखी वाढे. गणितासारख्या विषयाचे एकच पुस्तक मराठीबरोबर उर्दू, गुजराती, कन्नड अशा माध्यमांतही निघते. मजकूर बदलतो, चित्रे सहसा तीच. साहजिकच कुणाला खटकणार नाही असा बेताचा पोशाख निवडला जातो.

या बेतात काही घरे सुटतात, आणि ही उणीव खरी आहे. शहरात, गावातही, असंख्य आया घरात मॅक्सी घालून खांद्यावर ओढणी किंवा टॉवेल टाकून वावरतात. चित्रातली आई तशी क्वचितच दिसते. आदिवासी माणूस बहुधा ‘आदिवासी जीवन’ या धड्यातच आणि बहुधा नाचाच्या वेशात येतो, बँकेच्या रांगेत येत नाही. आपल्या घरचे कपडे पुस्तकात कधीच न दिसलेले मूल ते बोलून दाखवत नाही, पण त्याच्या लक्षात येते.

२०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघे मिळून भाजी निवडताना आणि पुरुष कपड्यांना इस्त्री करताना दाखवले गेले, त्याची वृत्तपत्रांनी दखल घेतली. चर्चा झाली ती कामांच्या वाटणीची. पोशाखाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

मुले मात्र आपल्या परीने दुरुस्ती करत आली आहेत. जुन्या पुस्तकांची पाने उलटली की बॉलपेनने बाबांना गॉगल चढवलेला दिसतो, आजोबांच्या मनगटावर घड्याळ येते आणि चड्डी घातलेल्या मुलाच्या पायांवर निळ्या शाईने घोट्यापर्यंत पँट रंगवलेली असते.