बँकेत जाता येत नाही? खात्यातली रोख घरी मागवण्यासाठी असा करा अर्ज

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर हा प्रश्न तुम्हाला माहीत असेल. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज येतो, पण कामवाल्या मावशींना द्यायला हातात नोट नसते. यूपीआय जमत नाही, म्हणून एटीएम कार्ड आणि पिन शेजाऱ्याकडे जातो. कृपा करून असं करू नका. खात्यातली रोख घरी पोचवण्याची सोय बँकांनी करावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजीच दिली आहे.

कोण अर्ज करू शकतं? वयाची सत्तरी ओलांडलेले खातेदार, दिव्यांग (दृष्टिहीनही त्यात आले) आणि दीर्घ आजार असलेले, ज्यांच्याकडे डॉक्टरांचा दाखला आहे. रोख पोचवणं, रोख घेऊन जाणं, केवायसीची कागदपत्रं आणि हयातीचा दाखला घरून नेणं हे सगळं यात येतं.

शाखाधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज लिहा. सोबत पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, वयासाठी आधार, आणि लागू असेल तर वैद्यकीय किंवा दिव्यांगत्वाचा दाखला जोडा. केवायसी आणि मोबाईल नंबर आधी अद्ययावत करून घ्या; अर्ज बहुधा इथेच अडतो. शुल्क आणि एका वेळी मिळणारी रक्कम प्रत्येक बँकेची वेगळी असते. काही शाखांत ही सेवा बंधनकारक, तर काही ठिकाणी 'जमेल तशी' असते. शाखांची यादी बँकेच्या वेबसाइटवर असते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्याच.

माणूस घरी आला की आधी ओळखपत्र पाहा. नोटा त्याच्यासमोर मोजा. ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका.

सही करता येत नसेल तरी पैसे अडत नाहीत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. विड्रॉल स्लिपवर अंगठ्याचा ठसा चालतो, हात नसतील तर पायाच्या अंगठ्याचाही. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ठसाही शक्य नसेल तर नुसती खूण पुरते, साक्षीदार तसेच. पैसे कोण घेऊन जाणार हेही खातेदार सांगू शकतो. त्या व्यक्तीची ओळखही दोन साक्षीदारांनी पटवायची असते. वयस्कर बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, तेव्हा पॅडवर शाई कमी घ्या आणि अंगठा घासू नका, एकदाच हलकेच टेकवा.

शाखेने नकार दिला तर तो लेखी मागा आणि बँकेच्या तक्रार कक्षाकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा मात्र तिथे दाखवावा लागतो, म्हणून पोच घेतलेल्या सगळ्या प्रती पासबुकातच ठेवा.