राज्यांना ४१ टक्के, पण कशाचे?

केंद्रीय अर्थसंकल्प मांडला की राज्यांना किती मिळाले यावर वाद सुरू होतो. केंद्राच्या करांतला किती वाटा राज्यांना द्यायचा हे सुचवणाऱ्या वित्त आयोगाच्या टक्क्यावर सगळे बोलतात. तो टक्का कोणत्या रकमेवर लावायचा, हे क्वचितच विचारले जाते. पूर्वी राज्यांना मुख्यत: आयकर आणि अबकारी (मालाच्या उत्पादनावरचा कर) यांतलाच वाटा मिळे. कंपन्यांवरचा आयकर १९५९ मध्ये वेगळा काढून वाटणीबाहेर नेला, तेव्हापासून राज्यांची कुरकुर होती. ती २००० च्या ८० व्या घटनादुरुस्तीने मिटली. केंद्राचे जवळपास सगळे कर वाटपात आले. मात्र त्याच दुरुस्तीत उपकर (ठरावीक कामासाठीचा जादा कर) आणि अधिभार (करावरचा जादा कर) बाहेर ठेवले गेले. तेव्हा त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही, कारण ती रक्कम किरकोळ होती.

२०१५ मध्ये राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर गेला आणि ऐतिहासिक निर्णय म्हणून गाजला. त्याच नोव्हेंबरात सेवाकरावर स्वच्छ भारत उपकर बसला, पुढच्या जूनमध्ये कृषी कल्याण उपकर. केंद्र पुरस्कृत योजनांत राज्यांनी घालायचा हिस्साही वाढला. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने घेतले, असे राज्ये म्हणतात ते उगाच नाही. केंद्राच्या एकूण करवसुलीत उपकर-अधिभाराचे प्रमाण २०११-१२ मध्ये १० टक्क्यांच्या आसपास होते, २०२०-२१ पर्यंत ते २० च्या घरात गेले. जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर वाटा ४१ टक्के झाला, त्याची चर्चा मात्र याहून जास्त झाली.

फेब्रुवारी २०२१ चा अर्थसंकल्प घ्या. पेट्रोलवर लिटरला अडीच रुपये कृषी पायाभूत सुविधा उपकर आला. पंपावरचा भाव वाढू नये म्हणून मूळ अबकारी २ रुपये ९८ पैशांवरून १ रुपया ४० पैशांवर आणली आणि विशेष अबकारीत रुपया कमी केला. केंद्राची एकूण वसुली तेव्हा लिटरला ३२ रुपये ९० पैसे होती. त्यातले वाटपाला फक्त १ रुपया ४० पैसे; बाकी सगळे उपकर आणि अधिभार. त्याच्या ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे, तेही सगळ्या राज्यांत मिळून. महाराष्ट्राचा तेव्हाचा हिस्सा त्यातला ६.३१७ टक्के, म्हणजे साडेतीन पैशांहून थोडा जास्त. ग्राहकाला यातले काहीच जाणवले नाही. (राज्ये आपल्या व्हॅटवर भरपूर कमावतात, हेही खरेच.)

उपकर ठरावीक कामासाठी असतो, ही केंद्राची बाजू. पण २०१८-१९ मध्ये ३५ उपकरांतून आलेल्या २.७४ लाख कोटींपैकी १.६४ लाख कोटीच त्या-त्या निधीत जमा झाले, असे लेखापरीक्षणात आढळले. केंद्राला एक श्रेय मात्र द्यायला हवे: नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मधली पेट्रोल-डिझेलवरची करकपात रस्ते उपकरातूनच झाली, त्यामुळे राज्यांच्या वाट्याला तिची झळ लागली नाही.