दहावीच्या आधीच गळून गेलेली कामे

गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोली तालुक्यात, एका शाळेत नववीच्या मुलांना मी चिठ्ठीवर लिहायला सांगितलं: मोठेपणी काय करणार? चिठ्ठ्या उलगडल्या, तर डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, शिक्षिका, नर्स आणि 'बोटीवर', म्हणजे जहाजावरची नोकरी. हा शेवटचा शब्द गोव्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण बोटीवर कुठे, डेकवर, इंजिनरूममध्ये की किचनमध्ये, असं विचारल्यावर मुलगा गप्प.

हा तोचतोचपणा आमच्याकडेच आहे असं नाही. 'ओईसीडी' या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेने 2020 मध्ये 41 देशांतल्या 15 वर्षांच्या मुलांची उत्तरं मांडली. तिशीत आपण काय करत असू, यावर 47 टक्के मुलगे आणि 53 टक्के मुली अवघ्या दहा व्यवसायांपुढे रांग लावून उभे होते.

असं का होतं? लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1981 मध्ये एक उलटा विचार मांडला. मूल आवडीचं काम उचलत नाही, नको ती कामं टाकत जातं. सहा ते आठ या वयात 'हे बायकांचं, ते पुरुषांचं' अशी पहिली चाळण लागते. नऊ ते तेरामध्ये प्रतिष्ठेची: हे आपल्या घराला शोभेल का, ते आपल्या आवाक्यातलं आहे का? स्वतःची आवड विचारात येते ती चौदाच्या पुढे, म्हणजे उरलेल्या चार-दोन कामांपुरती. आपण मात्र समुपदेशन सुरू करतो दहावीच्या निकालानंतर!

'नर्स' लिहिणाऱ्या एका मुलीशी नंतर बोललो. तिचे वडील खाणीवरच्या ट्रकांचे मेकॅनिक होते. मार्च 2018 मध्ये खाणी बंद पडल्यावर ते घरीच पाण्याचे पंप दुरुस्त करू लागले. सुट्टीत ही जळलेल्या मोटारीचं वाइंडिंग सोडवते, टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजून वहीत लिहिते, बेअरिंग गेलंय हे नुसत्या आवाजावरून सांगते. आयटीआयचा विचार केलास का, म्हटल्यावर हसली. "ते मुलांचं, सर." तक्रार नव्हती. किती वाजले हे सांगावं, तसं सांगितलं.

'हे मला जमेल' हा भरवसा कुठून येतो, हे अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये मांडलं. स्वतः करून जमलेलं काम हा त्याचा सगळ्यात भक्कम झरा. दुसरा, आपल्यासारख्या कुणाला ते करताना पाहणं. शाब्दिक प्रोत्साहन त्याहून कमकुवत, आणि वर्षातून एकदाचं मार्गदर्शन शिबिर म्हणजे बहुतेक तेवढंच. (अशी भाषणं मीही ठोकली आहेत.)

पाहण्याचा परिणाम पश्चिम बंगालमध्ये मोजला गेला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 495 गावं होती. जिथे आरक्षणामुळे सलग दोन वेळा सरपंचपद बाईकडे आलं, तिथे किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांमधली दरी 32 टक्क्यांनी कमी झाली. शिक्षणातली तर पुसलीच गेली.

खाणपट्ट्यातल्या पालकांनी वेगळंच पाहिलंय. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडून दारात उभे राहिलेले ट्रक. त्यांनी मुलांना 'सरकारी नोकरी बघ' म्हटलं, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

निघताना त्या मुलीला म्हटलं, ती टर्नची वही विज्ञानाच्या बाईंना दाखव. अक्षर तिचंच होतं.

"ती बाबांची वही," ती म्हणाली.