बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी: आकडे वाचताना होणारी गल्लत

हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही तेव्हा, बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी हे रक्तातले घटक मोजतात. रुग्ण दाखल होताना बीएनपी ८००, डिस्चार्जला दुसऱ्या लॅबमधून एनटी-प्रोबीएनपी २,४००. घरचे हादरतात, पण हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करता येतच नाही.

हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तिथल्या स्नायूपेशी प्रोबीएनपी हे १०८ अमिनो आम्लांचं प्रथिन बनवतात. त्याचे दोन तुकडे पडतात. ३२ अमिनो आम्लांचं बीएनपी रक्तवाहिन्या सैल करतं, मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढतं. उरलेल्या ७६ चा एनटी-प्रोबीएनपी निष्क्रिय असतो. बीएनपी साधारण २० मिनिटांत निम्मं होतं, तर एनटी-प्रोबीएनपीला तास-दोन तास लागतात. म्हणून त्याचा आकडा मोठा. अचानक दम लागलेल्या रुग्णात बीएनपी १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी, किंवा एनटी-प्रोबीएनपी ३०० पेक्षा कमी असेल, तर हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी.

सगळ्यात फसवा प्रसंग सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन हे हार्ट फेल्युअरचं औषध सुरू केल्यावरचा. बीएनपी मोडणाऱ्या नेप्रिलायसिन या एन्झाइमलाच हे औषध अडवतं, त्यामुळे रुग्ण सुधारत असतानाही बीएनपी चढू शकतं. एनटी-प्रोबीएनपीला हे एन्झाइम मोडत नाही, म्हणून या रुग्णांचा पाठपुरावा त्यावरच करावा. नमुन्याच्या बाबतीतही तोच सोयीचा: बीएनपी लवकर विघटित होतं, त्यासाठी ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) प्लास्टिकची नळी लागते आणि तपासणी लांबवता येत नाही.

किडनी कमजोर असेल तर दोन्ही वाढतात, एनटी-प्रोबीएनपी जरा जास्तच. वय आणि एट्रियल फिब्रिलेशननेही (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार) वाढतात. लठ्ठपणात मात्र दोन्ही कमी दिसतात, आणि तिथे ‘नॉर्मल’ रिपोर्टवर विसंबणं धोक्याचं.

पुढचा अंदाज बांधायचा तर एकट्या आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. दाखल होतानाच्या तुलनेत डिस्चार्जला एनटी-प्रोबीएनपी ३० टक्क्यांहून जास्त उतरला, तर पुन्हा दाखल होण्याचा आणि मृत्यूचा धोका कमी असतो. सूज उतरली, वजन घटलं, तरी आकडा हलला नाही, तर डिस्चार्जनंतरची पहिली भेट लवकर ठेवावी. दहा-पंधरा टक्क्यांचा चढउतार स्थिर रुग्णातही होतो. तेवढ्यावरून औषधं बदलू नयेत. दोन्ही वेळा चाचणी तीच हवी, शक्यतो लॅबही तीच.

आकडा धोका सांगतो म्हणून त्याचा पाठलाग करून उपचार केल्यास फायदा होईलच, असं नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाइड-आयटी या रुग्णांवरच्या अभ्यासात एनटी-प्रोबीएनपी १,००० च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलेल्या गटाचे निकाल नेहमीच्या काटेकोर उपचारांपेक्षा सरस ठरले नाहीत.