काकूच्या वहीतला शेवटचा रकाना

इंदूरहून उज्जैनच्या रस्त्याला लागलं की सांवेरच्या अलीकडे एका गावात आमच्या काकांचं किराणा दुकान आहे. काका गेल्यापासून गल्ल्यावर काकू बसते. मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणारा, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. लहानपणी त्या दुकानात जायचो ते बरण्यांतल्या गोळ्यांसाठी, आता जातो ते उधारीच्या लाल वहीसाठी. नाव, माल, रक्कम आणि शेवटचा रकाना : कधी देणार.

काकांच्या काळात त्या शेवटच्या रकान्यात दोनच उत्तरं असायची, ‘सोयाबीन निघाल्यावर’ आणि ‘गहू निघाल्यावर’. २०२३च्या पावसाळ्यापासून तिथे तिसरं उत्तर दिसायला लागलं : १० तारीख. त्या वर्षी १० जूनला मध्य प्रदेशात ‘लाडली बहना’ या सरकारी योजनेचा पहिला मासिक हप्ता बायकांच्या खात्यात जमा झाला. तेव्हा तो १००० रुपयांचा होता, ऑक्टोबरात १२५० झाला. ‘काकी, दस तारीख को दे दूँगी,’ असं सांगून बायका तेल-डाळ नेऊ लागल्या.

आता वही म्हणजे पुरावा नव्हे, हे मी वर्गात जन्मभर सांगत आलो. त्याच काळात गावात पक्का रस्ता झाला असेल, पोरगा पीथमपूरच्या कारखान्यात लागला असेल, पाऊस बरा झाला असेल. बदल नक्की कशाने झाला हे कळायला तसंच, पण पैसे न मिळालेलं दुसरं गाव शेजारी हवं. ‘लाडली बहना’ राज्यभर एकदम लागू झाली, त्यामुळे तिच्यात असं गाव सापडत नाही. पण असा प्रयोग आमच्याच जिल्ह्यात आधी होऊन गेला आहे, आणि इंदूरच्या निम्म्या लोकांना त्याचा पत्ता नाही.

२०११च्या जूनमध्ये ‘सेवा’ या संघटनेने तो सुरू केला. अहमदाबादेत १९७२ साली इला भट्ट यांनी उभी केलेली, असंघटित क्षेत्रात राबणाऱ्या बायकांची ही संघटना. पैसा युनिसेफचा. २० गावं घेतली. ८ गावांत प्रत्येक माणसाला दरमहा रोख रक्कम, १२ गावांत काही नाही, फक्त पाहणी. मोठ्या माणसाला २०० रुपये, मुलाला १०० आणि मुलांचे पैसे आईच्या हातात. वर्षभराने ते ३०० आणि १५० केले. शिवाय एका आदिवासी गावात असाच वेगळा प्रयोग, तोही शेजारच्या एका गावाशी ताडून पाहिलेला. कशावर खर्च करायचा याची अट नाही. रेशन, रोजगार हमी, जे काही आधीपासून मिळत होतं ते तसंच चालू. अर्थशास्त्रज्ञ गाय स्टँडिंग आणि ‘सेवा’च्या रेनाना झाबवाला यात पुढे होते.

नवरा-बायको आणि तीन मुलं धरली तर घरात सुरुवातीला ७०० रुपये यायचे. तेव्हाच्या हिशेबाने साधारण आठवड्याची मजुरी. एवढ्याने काय होणार, असं मलाही वाटलं होतं.

झालं ते असं. डाळ आणि भाजीवरचा खर्च वाढला. मुलांचं वयाच्या मानाने वजन सुधारलं आणि मुलींचं जास्त सुधारलं. आजारपणात औषध वेळेवर आणलं जाऊ लागलं, अर्ध्यावर सोडणं कमी झालं. वरच्या वर्गांत मुलांची, विशेषतः मुलींची शाळा टिकली. शेळ्या-म्हशी वाढल्या. दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी काही घरांनी कमी केली, पण ते हात रिकामे बसले नाहीत. स्वतःच्या तुकड्यावर वळले. कर्ज उतरलं, नवं घेणं कमी झालं. गावांची संख्या लहान आहे, त्यामुळे एकेका टक्क्यावरून भांडण्यात अर्थ नाही. पण इतक्या वेगवेगळ्या गोष्टी एकाच दिशेला सरकतात तेव्हा त्यामागचं कारण शोधावंसं वाटतं.

ते कारण, माझ्या मते, वहीच्या शेवटच्या रकान्यात आहे. गरीब शेतकरी घराची मिळकत कमी असते हे सगळ्यांना ठाऊक. ती येते कधी, हे कोणी विचारत नाही. माळव्यात जूनच्या अखेरीस पेरणी, म्हणजे बियाणं आणि खत आधी हवं. सोयाबीन घरात येणार दसरा-दिवाळीच्या सुमारास. मधले जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर पैशाने कोरडे, आणि ताप-जुलाबाचे दिवसही नेमके तेच. या तीन महिन्यांत ३०० रुपयांची नड आली तरी सावकाराकडे जावं लागतं. मग फेडायची घाई असते, म्हणून सोयाबीन निघाल्या निघाल्या मंडीत न्यायची. सगळ्यांची तेव्हाच येते, भाव पडलेला असतो. भाव वर येईपर्यंत थांबायला घरात महिन्याभराचा किराणा लागतो, आणि तोच नसतो.

गरीब माणसाला वस्तू महाग पडते, हे काकांच्या तराजूवर मी पाहिलंय. किलोभर डाळ घेणाऱ्याला पडणारा भाव आणि छटाकाने घेणाऱ्याला पडणारा भाव एक नसतो. काका काही लबाड नव्हते. पुड्या बांधायला वेळ जातो, उधारी बुडते, ते सगळं भावात येतं.

आणि सगळ्यात महाग वस्तू म्हणजे माणूस. या भागात वर्षाची उचल घेऊन मोठ्या शेतकऱ्याकडे ‘नौकर’ राहायची पद्धत होती. लग्न, आजारपण अशी एखादी नड आणि तिच्यापायी वर्षभराचं बांधून घेणं. प्रयोगातल्या काही घरांनी ही उचल फेडून माणूस सोडवून आणल्याची नोंद आहे. ७०० रुपयांत उचल फिटत नाही, हे खरं. पण दर महिन्याला ठरावीक पैसा येणार म्हटलं की चार नातेवाईक उसने देतात, बिनव्याजी देतात. नेमाने येणाऱ्या पैशाची पत रकमेपेक्षा मोठी असते.

चणचणीचा परिणाम डोक्यावरही होतो का, हे पाहणारा एक सुंदर प्रयोग तमिळनाडूत झाला. ४६४ ऊस उत्पादकांना तोडणीच्या आधी, हात तंग असताना, आणि नंतर पैसे हाती आल्यावर तीच बुद्धीची कोडी दिली. नंतरचे गुण चांगले आले. ऊसच का निवडला, तर कारखाने तोडणी टप्प्याटप्प्याने घेतात, त्यामुळे एकाच आठवड्यात एका शेतकऱ्याचा ऊस गेलेला असतो आणि दुसऱ्याचा उभा असतो. हवामान, सणवार दोघांनाही सारखे, फरक फक्त खिशात. २०१३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि फार गाजला. मात्र पुढे अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर लोकांना असंच तपासलं तेव्हा तसा फरक आढळला नाही. म्हणून ‘गरिबीने बुद्धी कमी होते’ असं जे सर्रास सांगितलं जातं, ते मी सांगणार नाही.

मला जास्त पटतो तो ओडिशातला. तिथे पत्रावळी लावणाऱ्या मजुरांना कामाच्या तंगीच्या दिवसांत नगावर काम दिलं. मजुरीचा दर सगळ्यांना एकच. काहींना आधीच झालेल्या कामाचे पैसे लवकर दिले, काहींना शेवटी. लवकर पैसे मिळालेल्यांच्या पुढच्या पत्रावळी ताशी जास्त झाल्या आणि चुका कमी, जास्त गरिबांमध्ये तर हे जास्तच ठळक. कोणालाही एक पैसा फुकट दिला नव्हता, बदलली होती ती फक्त तारीख.

केनियातही हेच वेगळ्या अंगाने दिसलं. तिथे काही घरांना रक्कम एकरकमी दिली, काहींना महिन्याच्या हप्त्यांनी. हप्तेवाल्यांचं जेवणखाण सुधारलं, एकरकमीवाल्यांनी छपरावर गवत काढून पत्रे घातले. दोन्ही गरजेचंच, पण तारखेने खर्चाची जातच बदलली.

आमच्याकडे रविवारी पोह्यांना जमणाऱ्या मंडळींचं यावर ठरलेलं उत्तर असतं : ‘फुकटचा पैसा दारूत जातो.’ जगभरच्या १९ अभ्यासांची एकत्र छाननी झाली आहे. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च एकंदरीत वाढत नाही, कुठे कुठे घटतोच. इंदूरच्या गावांतही तो वाढला नाही. हे सांगितलं की मंडळी महागाईवर येतात. केनियातल्या ६५३ गावांत मोठी रक्कम वाटली तेव्हा बाजारभाव सुमारे ०.१ टक्का वाढले. मग पोह्यांवर शेव कमी असल्याचा विषय निघतो.

पैसा कोणाच्या खात्यात, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या ग्वाल्हेरकडून आलं आहे. ग्वाल्हेर-मुरैना पट्ट्यात रोजगार हमीवर जाणाऱ्या काही बायकांना स्वतःचं बँक खातं उघडून दिलं, मजुरी थेट तिथे वळवली आणि खातं वापरायचं कसं हे शिकवलं. या तिन्ही गोष्टी मिळालेल्या बायका पुढे जास्त काम करू लागल्या. ज्यांच्या नवऱ्यांचा बायकोने बाहेर कामाला जाण्याला विरोध होता, त्यांच्यात हा परिणाम सगळ्यात मोठा होता. नुसतं खातं पुरलं नाही. पैसे त्यातच यायला हवे होते आणि ते काढता यायला हवे होते.

रोख रकमेने डॉक्टर गावात येत नाही, शाळेला मास्तर मिळत नाही. हप्त्याच्या रकमेचं मोल दरवर्षी थोडं झिजतं. अंगठ्याचा ठसा जुळला नाही तर बाई एका दिवसाची मजुरी बुडवून हात हलवत परत येते. पण मला या सगळ्यापेक्षा जास्त भीती उशिराची वाटते. उशीर झालेला हप्ता हिशेबात पूर्ण दिसतो, पण मधल्या आठवड्यात सावकाराची पायरी चढून झालेली असते.

अलीकडे ‘लाडली बहना’चा हप्ता कधी दहाला येतो, कधी त्याच्या पुढे. गेल्या खेपेला मी दुकानात गेलो तेव्हा काकूने वही पुढे सरकवली. नाव, माल, रक्कम पेनने लिहिलेली. तारीख पेन्सिलने.